जेथे बार काढू नये : कर्जत-खालापूरच्या भूमीवरील बंदूक आणि कायदा (प्रस्तावना)

बंदूक कोणी बाळगावी या प्रश्नावर आपल्याकडे गेल्या दीड शतकात पुष्कळ लिहिले गेले, सभांतून ठराव झाले, न्यायालयांत वाद झडले. परंतु रीतसर परवान्याने हाती आलेल्या बंदुकीचा बार कोठे काढावा आणि कोठे काढू नये, या प्रश्नाकडे वकील, अंमलदार, शेतकरी आणि खुद्द परवानाधारक या सर्वांनी सारखेच दुर्लक्ष केले आहे. परवाना मिळाला म्हणजे बंदूक आपली झाली, आणि बंदूक आपली झाली म्हणजे आपल्या शिवारात, आपल्या अंगणात, आपल्या घरच्या लग्नात ती उडवण्यास कोणाची आडकाठी नाही, ही समजूत खेडोपाडी इतकी दृढ आहे की तिला धक्का बसतो तो बहुधा पंचनाम्याच्या वेळीच. वस्तुतः परवाना हा मुख्यतः बाळगण्याचा अधिकार होय; बार काढण्याची मुभा ही त्याहून फार संकुचित गोष्ट असून स्थल, प्रसंग, लक्ष्य आणि परिणाम अशा चारही बाजूंनी कायद्याने तिला मर्यादा घातल्या आहेत. त्या मर्यादांची सामान्य वाचकाला ओळख करून देणे, हा प्रस्तुत ग्रंथाचा हेतू आहे.

हे काम दिसते तितके सोपे नाही, कारण बंदूक उडवण्यास मनाई असलेल्या जागांची एकच यादी सरकारच्या कोणत्याही एका दप्तरात सापडत नाही. काही मनाई शस्त्र अधिनियमात आहे, काही महाराष्ट्र पोलीस अधिनियमात, काही भारतीय वन अधिनियमात, काही वन्यजीव संरक्षण अधिनियमात, आणि उरलेली फौजदारी संहितांत व जिल्हादंडाधिकाऱ्यांच्या तात्पुरत्या हुकुमांत विखुरलेली आहे. यांतील प्रत्येक कायद्याची भाषा निराळी, अंमल करणारे खाते निराळे आणि उद्देशही निराळा. मात्र ज्या माणसाच्या खांद्यावर बंदूक आहे त्याच्यावर हे सर्व कायदे एकाच क्षणी, एकाच पावलावर लागू असतात. सगळ्यांची बेरीज त्याने स्वतःच करावी, अशी कायद्याची अपेक्षा आहे; ती बेरीज त्याला कोणी शिकवत मात्र नाही.

ही बेरीज करून पाहण्यासाठी आम्ही रायगड जिल्ह्यातील कर्जत आणि खालापूर हे दोन तालुके निवडले, त्याचे कारण त्यांच्या भूरचनेतच आहे. पूर्वेस सह्याद्रीची मुख्य भिंत, पश्चिमेस माथेरानची डोंगररांग, आणि मध्ये उल्हास व पाताळगंगा यांची भातखाचरांनी भरलेली खोरी. त्यांतूनच मुंबईहून बोरघाटाकडे जाणारा लोहमार्ग आणि द्रुतगती मार्ग गेलेला, खोपोली-रसायनीचे कारखाने उभे राहिलेले, ठाकूर, कातकरी व महादेव कोळी यांच्या वाड्या डोंगरउतारांवर वसलेल्या, आणि गेल्या दोन-तीन दशकांत नेरळपासून खालापूरपर्यंत शहरी माणसांची शेतघरे पसरलेली. राखीव वन, खासगी शेत, वाडी, पर्यटनस्थळ आणि राजमार्ग एकमेकांच्या इतके निकट असलेली भूमी फारशी आढळत नाही. येथे उडालेली एक गोळी पाच प्रकारच्या हद्दी ओलांडू शकते. आणि म्हणून पाचही कायद्यांचा अर्थ येथे एकाच ठिकाणी तपासता येतो.

स्फोटक शस्त्राचे स्थलाशी असलेले नाते मराठी राज्यकारभाराला अपरिचित नव्हते. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात गडावरील दारूखाना वस्तीच्या घरांपासून दूर असावा याविषयी स्पष्ट ताकीद आहे. म्हणजे शस्त्र कोणाचे यापेक्षा ते कोठे आहे आणि त्याच्या आसपास कोण राहते, हा विचार अठराव्या शतकाच्या आरंभीच्या मराठी प्रशासकाच्या मनात जागा होता. इंग्रजी अमलात ही दृष्टी मागे पडली. १८५७ च्या उठावानंतर सरकारपुढे एकच चिंता उरली, आणि ती म्हणजे बंदूक कोणाच्या हातात आहे. १८७८ चा शस्त्र कायदा या चिंतेचे परिपक्व रूप होय. एतद्देशीय रयतेस परवाना सक्तीचा झाला आणि युरोपियनांना नियमांतून सूट मिळाली. पुढच्याच वर्षी, शेजारच्या पनवेल तालुक्यातील शिरढोणचे वासुदेव बळवंत फडके यांचा सशस्त्र उठाव झाला, आणि ज्या हातांचे भय सरकारला वाटत होते ते हात याच परिसरातले असल्याचे सिद्ध झाले.

हातांनंतर कायद्याने ऋतूंकडे पाहिले. १९१२ च्या वन्य पशुपक्षी संरक्षण कायद्याने ठराविक प्राण्यांसाठी शिकारबंदीचे काळ नेमले. त्याआधी हिंस्र श्वापदे मारणारास हेच सरकार बक्षीस देत असे. त्यानंतर १९२७ च्या वन अधिनियमाने रानाकडे लक्ष वळवले. राखीव वनात नियमांविरुद्ध शिकार करणे, बार काढणे, सापळे लावणे हा त्याच्या २६ व्या कलमाने गुन्हा ठरला, आणि बंदूक उडवण्याच्या मनाईला नकाशावर दाखवता येईल अशी सीमा मिळाली. त्या सीमेने डोंगरातल्या माणसाचे काय केले, हे कुलाबा (आजच्या रायगड) जिल्ह्याच्या इतिहासात रक्ताने लिहिलेले आहे. २५ सप्टेंबर १९३० रोजी चिरनेरच्या जंगल सत्याग्रहात गोळ्या झाडल्या त्या पोलिसांनी. आणि २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या रानात माथेरानचे भाई कोतवाल व त्यांचे सहकारी हिराजी पाटील ज्या गोळीबारात हुतात्मा झाले तोही पोलिसांचाच होता. रानात बंदूक कोणी उडवावी याचा निर्णय परकी सत्तेच्या हाती असण्याचा अर्थ कर्जतकरांना कोणी शिकवावा लागत नाही.

स्वातंत्र्यानंतरच्या कायद्यात या सर्व थरांवर नवे थर चढले. १९५१ सालच्या मुंबई पोलीस अधिनियमाने, जो आज महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो, सार्वजनिक शांततेसाठी बंदुका, तलवारी, भाले, लाठ्या घेऊन फिरण्यास विशिष्ट क्षेत्रात विशिष्ट काळ मनाई करण्याचा अधिकार ३७ व्या कलमाने अधिकाऱ्यांना दिला. १९५९ च्या शस्त्र अधिनियमाने, जो १ ऑक्टोबर १९६२ पासून अमलात आला, १८७८ चा कायदा रद्द केला. परंतु खरे स्थित्यंतर घडवले ते १९७२ च्या वन्यजीव संरक्षण अधिनियमाने आणि त्याच्या १९९१ च्या दुरुस्तीने. तोवर शिकार ही परवान्याने करावयाची गोष्ट होती. त्यानंतर ती अपवादानेच होऊ शकेल अशी गोष्ट झाली. सर्वांत अलीकडचा थर २०१९ च्या शस्त्र दुरुस्ती अधिनियमाचा. त्याने आनंदोत्सवातील गोळीबाराला स्वतंत्र गुन्ह्याचे स्वरूप देऊन दोन वर्षांपर्यंतचा कारावास, एक लाख रुपयांपर्यंतचा दंड अथवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. हात, ऋतू, रान, जमाव, जनावर आणि प्रसंग, असा या कायद्याच्या दृष्टीचा क्रम झाला. आणि यांतील एकही दृष्टी मागची पुसून पुढे आली नाही, हे अभ्यासकाने नीट लक्षात ठेवले पाहिजे.

जगभरच्या कायद्यांकडे पाहिले तर बार काढण्यास मनाई करण्याच्या चार पद्धती ठळकपणे दिसतात. पहिली अंतराची. अमेरिकेतील कॅलिफोर्निया राज्यात वसलेल्या घरापासून दीडशे यार्डांच्या आत, घरमालकाच्या संमतीवाचून शिकारीसाठी बंदूक उडवता येत नाही. दुसरी परिणामाची. इंग्लंडच्या १९८० च्या महामार्ग कायद्यात रस्त्याच्या मध्यापासून पन्नास फुटांच्या आत बार काढल्याने वाटसरूस इजा, अडथळा किंवा धोका झाला तर गुन्हा घडतो; अंतर तेथेही आहे, पण ते एकटे पुरेसे नाही. तिसरी पद्धत सर्वसाधारण मनाईची आणि मोजक्या मोकळिकीची. जर्मनीत गोळीबार हा मान्यताप्राप्त सराव-मैदानावरच करावयाचा, अन्यत्र करावयाचा तर स्वतंत्र परवानगी किंवा कायद्याने मान्य केलेले कारण हवे. चौथी पद्धत क्षेत्रघोषणेची, म्हणजे राजपत्रात हद्द जाहीर करून त्या हद्दीत बंदी घालण्याची. आपल्याकडे अंतराची पद्धत जवळजवळ नाही. परिणामाची पद्धत भारतीय न्याय संहितेत आहे, क्षेत्रघोषणेची पद्धत अभयारण्यांच्या व पोलिसांच्या कायद्यांत आहे, आणि सर्वसाधारण मनाईकडे आपण २०१६ च्या शस्त्र नियमांनी वळलो. त्यांतील ३२ व्या नियमाने सार्वजनिक ठिकाणी बंदूक उगारणे किंवा उडवणे सक्त मना आहे, आणि ती मनाई कोऱ्या काडतुसांच्या बंदुकीलाही लागू आहे. चौकजवळच्या चित्रीकरणाच्या स्टुडिओमुळे नकली युद्धांचे आवाज ज्या खालापुरात नवे नाहीत, तेथे हा तपशील विशेष महत्त्वाचा ठरतो.

या चारांच्या अगदी उलट बाजूने विचार करणारा एक कायदाही आपल्याकडे आहे, आणि तुलनेसाठी तो जाणून घेण्यासारखा आहे. १९३८ च्या युद्धाभ्यास व तोफखाना सराव अधिनियमाखाली सरकार एखादे क्षेत्र गोळीबारासाठीच राखून ठेवते, तेथील रयतेस आगाऊ नोटीस देऊन ठराविक काळापुरते दूर ठेवते आणि नुकसानीची भरपाई करते. अहिल्यानगर (पूर्वीच्या अहमदनगर) जिल्ह्यातील के. के. रेंज ही अशा सरावभूमीची महाराष्ट्रातली परिचित जागा. तेथे गोळीला मोकळीक म्हणून माणसाला मनाई. कर्जत-खालापुरात माणूस सर्वत्र आहे, म्हणून गोळीला मनाई. दोन्हींच्या मुळाशी तत्त्व एकच, की जेथे गोळी आणि माणूस एकत्र येण्याचा संभव आहे तेथे दोहोंपैकी एकाने माघार घेतलीच पाहिजे.

आता एक उदाहरण जवळून पाहू. आश्विनातली रात्र, दाणा भरलेले भात, शेताच्या कडेला माळा आणि माळ्यावर ठासणीची बंदूक घेऊन बसलेला शेतकरी. शस्त्र अधिनियमाच्या १३ व्या कलमात पीकरक्षणासाठी ठासणीच्या बंदुकीच्या परवान्याची तरतूद खास अशाच माणसासाठी आहे. म्हणजे त्याची बंदूक कायदेशीर. शेत त्याच्या सातबाऱ्यावर. म्हणजे जागाही कायदेशीर. रानडुकरांचा कळप बांध ओलांडून आत आला आणि त्याने नेम धरला. या क्षणी वन्यजीव अधिनियम उभा राहतो. त्यातील ‘शिकार’ या संज्ञेत मारणे आणि पकडणे तर आहेच, शिवाय हाकारा घालणे, आमिष दाखवणे आणि यांपैकी कशाचाही प्रयत्न करणेही आहे. म्हणजे नेम चुकला म्हणून गुन्हा टळत नाही. उभ्या पिकाचे नुकसान करणाऱ्या प्राण्यास मारण्याची लेखी परवानगी ११ व्या कलमाखाली अधिकृत अधिकाऱ्याकडून आधी घ्यावी लागते. जिवावर बेतले असता सद्भावनेने केलेला स्वसंरक्षणाचा वार मात्र गुन्हा नाही. आणि जखमी डुकराच्या मागे तो बांध ओलांडून राखीव वनात शिरला, तर दोन पावलांत वन अधिनियमही त्याच्या पाठीस लागतो. बंदूक रास्त, शेत स्वतःचे, हेतू निर्मळ, आणि तरीही बार बेकायदा! वन्यजीव गुन्ह्यात शिक्षा झाल्यास न्यायालय त्याचा शस्त्रपरवाना रद्द करून पुढील पाच वर्षे त्याला नव्या परवान्यास अपात्र ठरवू शकते, हे त्या माळ्यावर बसलेल्या किती जणांस ठाऊक असेल?

दुसरा तपशील हद्दींचा. भीमाशंकर अभयारण्य कर्जत तालुक्याच्या पूर्व सीमेला भिडते, आणि पनवेल तालुक्यातील कर्नाळा पक्षी अभयारण्यापासून मोहोपाडा-रसायनीचा परिसर दहा किलोमीटरांच्या आत पडतो. वन्यजीव अधिनियमाच्या ३१ व्या कलमाने लेखी परवानगीवाचून शस्त्रासह अभयारण्यात प्रवेश करणेही मना आहे. मग बार काढण्याची गोष्टच नको. ३४ वे कलम त्याहून दूरवर पोहोचते. अभयारण्याच्या आत किंवा त्यापासून दहा किलोमीटरांच्या परिघात राहणाऱ्या परवानाधारकाने आपले नाव नोंदवले पाहिजे, आणि त्या परिघात नवा शस्त्रपरवाना मुख्य वन्यजीव रक्षकांच्या पूर्वसंमतीशिवाय देता येत नाही. म्हणजे खांडसच्या बाजूचा शेतकरी अभयारण्यात कधी पाऊल न ठेवताही त्याच्या कायद्याच्या छायेत राहतो. उलट माथेरान, ज्याच्याभोवतीचे २१४.७३ चौरस किलोमीटरांचे क्षेत्र ४ फेब्रुवारी २००३ च्या अधिसूचनेने पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील जाहीर झाले, ते अभयारण्य नव्हे. ती अधिसूचना मुख्यतः भूमीचा वापर, बांधकाम, खाणकाम आणि वृक्षतोड यांविषयीची आहे. तेथील रानात बंदूक उडवणे मना आहे ते वनकायद्यामुळे आणि वन्यजीव कायद्यामुळे. शिवाय पनवेलचा बराच भाग नवी मुंबई पोलीस आयुक्तालयाखाली, तर कर्जत-खालापूर रायगड जिल्हा पोलिसांच्या अमलाखाली. त्यामुळे तालुक्याची सीमा ओलांडताच मनाई हुकूम काढणारा अधिकारी बदलतो, आणि एका बाजूस लागू असलेला जाहीरनामा दुसऱ्या बाजूस लागू असेलच असे नाही.

या विषयाचा विचार आजच का करावा, याची कारणे डोळ्यांसमोर आहेत. शेतघरांच्या आवारात भिंतीआड लग्ने, वाढदिवस, मेजवान्या होतात, आणि खासगी आवार म्हणजे सार्वजनिक ठिकाण नव्हे अशा भरवशावर हवेत बार काढण्याचा मोह होतो. परंतु २०१९ च्या दुरुस्तीने आनंदोत्सवातील गोळीबाराची जी व्याख्या केली तीत सार्वजनिक मेळाव्यांबरोबर धार्मिक स्थळे, विवाहसमारंभ आणि इतर कार्यक्रम यांचाही समावेश आहे. तेथे भिंतीचे संरक्षण मिळत नाही. छऱ्याच्या हवाई बंदुकीबाबतही असाच गैरसमज आहे. ठराविक शक्तीच्या आतील अशा बंदुकीस परवाना लागत नाही हे खरे. म्हणून तिने पाखरे टिपण्यास मोकळीक आहे हे मात्र खरे नाही, कारण वन्यजीव कायदा हत्याराचा प्रकार विचारीत नाही.

त्याहून मोठे कारण असे, की या भूमीवर आता निर्जन अशी जागा उरलेली नाही. पॉइंट टू-टूची लहानशी गोळीसुद्धा दीड किलोमीटरहून पुढे जाऊ शकते, आणि मोठ्या रायफलीची गोळी कित्येक किलोमीटर जाते. पहिल्या पावसाच्या रात्री ओढ्याकाठी बत्त्या घेऊन खेकडे पकडणारी वाडीतली माणसे, मोहाच्या दिवसांत पहाटेच्या अंधारात फुले वेचणाऱ्या बाया, कोथळीगडाच्या वा भीमाशंकरच्या वाटेवर मुक्काम टाकलेली शहरातली मुले, यांपैकी कोणीही शेताच्या बांधावरून दिसत नाही. झुडपाआड हलणारा उजेड जनावराचा डोळा वाटावा इतकेच त्यांचे अस्तित्व जाणवते. नेम धरणाऱ्याला आपली जमीन दिसते, आपले लक्ष्य दिसते. गोळीचा उरलेला प्रवास त्याला दिसत नाही.

आमच्या मते, या विषयातील बहुतेक गोंधळाचे मूळ येथेच आहे. आपले कायदे, आणि त्यांहून अधिक आपली लोकसमजूत, बार काढणारा कोठे उभा आहे हे विचारतात. गोळी कोठे जाऊन पडेल हे विचारण्याची सवय आपल्याला लागलेली नाही. भारतीय न्याय संहितेचे १२५ वे कलम, जे जुन्या दंडसंहितेतील ३३६ ते ३३८ या कलमांची जागा घेते, बेदरकार कृतीने दुसऱ्याचा जीव वा सुरक्षितता धोक्यात आणणे यालाच गुन्हा मानते. इजा व्हावीच लागते असे नाही. आमच्या दृष्टीने हे कलम या विषयाच्या केंद्रस्थानी असले पाहिजे आणि इतर सर्व मनाया त्याच्या प्रकाशात वाचल्या पाहिजेत. सातबारा बंदुकीच्या नळीपाशी संपतो. त्यापुढची भूमी दुसऱ्याची आहे, असे धरून चालणे हाच या दोन तालुक्यांपुरता खरा कायदा होय.

याच भूमिकेवर प्रस्तुत ग्रंथाची मांडणी उभी आहे. कलमांचा कोश तयार करणे हा आमचा उद्देश नव्हता. शेत, वाडी, रान, रस्ता, देवस्थान, शेतघर, कारखाना अशा एकेका भूमिप्रकारापाशी थांबून तेथे कोणकोणते कायदे एकत्र येतात, परवानगी असल्यास कोणाकडून व कोणत्या कागदाने मिळते, आणि कसूर झाल्यास काय भोगावे लागते, हे साध्या मराठीत सांगण्याचा येथे प्रयत्न केला आहे. शेतकऱ्याची बाजूही आम्ही दुर्लक्षिली नाही. रानडुकरांनी रात्रीत उद्ध्वस्त केलेल्या खाचराचे दुःख ज्याने पाहिले आहे, तो त्याला नुसता गुन्हेगार म्हणून कधीच पाहणार नाही. म्हणूनच नुकसानभरपाईचा अर्ज, पंचनामा आणि ११ व्या कलमाखालील परवानगी या तीन वाटांचे विवेचन या ग्रंथात मनाईइतक्याच विस्ताराने केले आहे. मनाई सांगणाऱ्या शासनाने उपायही तितक्याच तत्परतेने दिला पाहिजे. नाहीतर गावठी बॉम्ब आणि विजेच्या तारा यांसारखे अधिक घातक मार्ग माणूस धरतो, आणि त्यांत डुकरापेक्षा गुरे व माणसेच अधिक मरतात.

वाचकास आमची विनंती दोन प्रकारची आहे. ज्यांच्या घरी परवान्याची बंदूक आहे त्यांनी परवान्यावरील क्षेत्र, उद्देश आणि अटी आजच पुन्हा वाचाव्यात, आपले शेत कोणत्या वनाच्या वा अभयारण्याच्या किती अंतरावर आहे हे वनरक्षकाकडून समजून घ्यावे, आणि गोळी कोठे थांबेल याचे निश्चित उत्तर जवळ नसेल तेथे घोड्यावर बोट ठेवू नये. आणि ज्यांच्या हाती अंमल आहे त्या महसूल, पोलीस व वन या तिन्ही खात्यांनी एकत्र बसून प्रत्येक तालुक्याचा एक मनाई-नकाशा मराठीत तयार करावा आणि तो प्रत्येक ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लावावा. जो कायदा रयतेला वाचता येत नाही त्याच्या भंगाची शिक्षा तिला देण्याचा नैतिक अधिकार दुबळा असतो. तो अधिकार सबळ करणे शासनाच्या हाती आहे, आणि ते त्याने विनाविलंब करावे.